अकोला ते अंजनगाव, प्रशांतचे कान बघत

कोरेगावला गाडीत चढले तेव्हा माझ्या पिशवीत सातारचे कंदी पेढे होते. अकोल्याला उतरले तेव्हा एकच पेढा होता, पिशवीच्या आकाराचा. एप्रिल महिन्यात वऱ्हाडात पेढे नेऊ नयेत हे मला कुणी सांगितलं नाही, कारण आमच्या आळीतून आजवर तिकडं कुणी गेलेलंच नाही. निघताना जी ती बाई एकच विचारत होती, "तिकडं कशाला जाता? तिकडं तर शेतकरी मरतात." आल्यावरही सगळ्यांनी तेच विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जे पाहिलं तेवढंच लिहीन.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मंगल लग्न करून अकोल्याला गेली. जठारपेठेत राहते. नवरा नोकरीला नागपूरकडे, महिन्यातून एकदा घरी येतो. मुलगा एकच, प्रशांत, अठ्ठावीस वर्षांचा. मंगल जिन्यावरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. फोनवर म्हणाली, "मावशी, प्रशांतले एकदा अंजनगावले नेऊन आनशील का? एकाच फेरीचा प्रश्न आहे." अठ्ठावीस वर्षांच्या बाप्याला पोचवायला सत्तरी उलटलेल्या म्हातारीनं रात्रभर गाडीत बसून यायचं, हे काय प्रकरण आहे ते मला कळेना. नवऱ्याला सांगितलं, डाळ तांदूळ कुठं आहेत ते तुला ठाऊक आहे, आणि निघाले.

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि मला वाटलं गावात दंगल झाली. रिक्षावाला, भाजीवाला, सायकलवरची पोरगी, सगळ्यांनी डोकं आणि तोंड फडक्यानं गच्च बांधलेलं. नुसते डोळे दिसत होते. रिक्षावाल्याला विचारलं तर तो हसला. "ऊन हाय ना माय. तुमीबी बांधा." त्या फडक्याला तिकडं दुपट्टा म्हणतात, बापे लोकसुद्धा. आमच्याकडं ऊन पडतं. तिकडं ते अंगावर येऊन उभं राहतं.

मंगलच्या दारात प्रशांत उभा होता. उंच, हडकुळा, दाढी राखलेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशीआजी. गाडी लेट होती." मग त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "हे पेढे नाईत. हा एक पेढा आहे." मला तो तिथंच आवडला. गोड बोलणं आम्हा दोघांनाही जमत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी तो मोठा झाल्यावर सांगितलं की तो स्वमग्न आहे. मला हा शब्द पटला नाही. स्वतःत मग्न असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, एक तर माझ्या घरातच आहे. प्रशांतचं उलट आहे. आपल्याला जे ऐकूही येत नाही, ते त्याच्या आत जाऊन टोचतं. उजेड, वास, शर्टाच्या कॉलरची शिवण, कुणाचा चुकून लागलेला हात, सगळंच. एकेक असेल तर तो सोसतो. सगळं एकदम आलं की त्याचं अंग सोसत नाही.

प्रशांतला काम होतं, आणि ते जायच्या बेतात होतं, म्हणून मला बोलावलं होतं. अंजनगाव सुर्जीला सलीमभाई नावाच्या एका माणसाचा पानपिंपरीचा मळा आहे. पानपिंपरी म्हणजे औषधात घालतात ती पिंपळी. तिथं प्रशांत दोन वर्षं वेल बांधायला, पाणी द्यायला जात होता. मंगल त्याच्यासोबत बसनं जायची, दिवसभर झाडाखाली बसायची, संध्याकाळी घेऊन यायची. आता ती खाटेवर पडली. प्रशांत म्हणाला, मी एकटा जातो. सलीमभाई म्हणाला, भीती वाटते.

त्या भीतीला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात अकोटच्या बसस्टँडवर मंगल जरा बाजूला गेली होती. तेवढ्यात लग्नाची वरात आली, बँड आला, वर भोंगा सुरू झाला, आणि प्रशांत खांबाजवळ ताठ उभा राहिला. बोलेना, हलेना, कान लालबुंद. वऱ्हाडात उन्हाळ्यात माणूस असा दिसला की कुणी विचारत बसत नाही. ऊन लागलं. तिकडं शेंबडं पोरही उन्हाचा डॉक्टर असतं. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, एकीनं डोक्यावर पाणी ओतलं, दोघांनी पाय धरून तळव्यांना काशाची वाटी घासायला घेतली. सगळे भले लोक. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्याला एक बोटही नको होतं, त्याला दहा हात लागले. प्रशांतनं हात झाडले, एका म्हाताऱ्याचा ओठ फुटला, आणि हा पळाला तो पार कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागं जाऊन सापडला.

ही गोष्ट सलीमभाईच्या कानावर गेली. तो मंगलला म्हणाला होता, "ताई, मले त्याचं काम पसंत आहे. पन तुमी नसताना त्याले काही झालं, तं मी काय करू? कोनाले तोंड दाखवू?" शेवटी असं ठरलं, की मंगलशिवाय एक दिवस यावं. आईवाचून निभावलं तर प्रशांतनं पुढं आपला आपण यावं. नाही निभावलं तर काम बंद. सोबत मी जायचं, पण मी काही आई नव्हे. मला तर तो धड ओळखतही नव्हता.

मंगलनं खाटेवर पडल्या पडल्या मला शिकवायला घेतलं. तीस वर्षं अकोल्यात काढून ती आता बोलतेही तिकडचंच.

खोलीत कूलर होता. लोखंडी खोका, तीन बाजूंना गवताचे पडदे, त्यातून पाणी झिरपतं आणि आतला पंखा गिरणीसारखा आवाज करतो. माझं डोकं उठलं. प्रशांत मात्र त्याला टेकून शांत बसला होता.

मी म्हटलं, "एवढ्या आवाजाचं याला काही नाही, मग होतं तरी कशाचं?"

"थांब," मंगल म्हणाली. "लाईन जाऊ दे." लाईन म्हणजे वीज. त्या वर्षांत तिकडं ती रोज जायची, आणि जेवायला कुणी बोलवावं तशी वेळेवर जायची.

लाईन गेली. कूलर थांबला. आणि त्या एका आवाजानं झाकलेले शंभर आवाज घरात शिरले. शेजारचा कुकर, गल्लीतली स्कूटर, भंगारवाला, कुणाचं पोर रडत होतं, कुणी पत्र्यावर मिरच्या पसरत होतं.

"पाह्य," मंगल हळूच म्हणाली. "तोंडाकडे नको. कानाकडे पाह्य."

कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. मग मला एकेक दिसायला लागलं. त्याच्या पापण्या मिटेनाशा झाल्या. डोळे भिंतीच्या एका कोपऱ्यावर जाऊन बसले. खांदे कानांकडं चढले. अंगठा बोटांवर घासत होता, आधी सावकाश, मग भराभर, मग नखं तळव्यात रुतली. बसल्या जागी त्याच्या टाचा जमिनीपासून उचलल्या गेल्या. श्वास वरच्या वर. कपाळावर घाम आणि हात मात्र गार, हे मला मंगलनं सांगितलं, कारण हात लावून बघायचा नव्हता.

"प्रशांत, चहा घेतं का?" मंगलनं विचारलं.

"घेतं का," तो म्हणाला.

"पाह्यलं?" ती मला म्हणाली. "सकाळी तुझ्यासंग पाच-सहा शब्द बोलत होता. मंग दोन होतात. मंग आपलाच शब्द आपल्याले परत येते. मंग काईच नाई. तो गप झाला का लोक म्हनतात, बरं झालं, शांत झाला. तो शांत नसते, मावशी. तेव्हाच जास्त असते."

"मग करायचं काय?"

"काईच नाई. हेच लोकायले जमत नाई. इचारू नको, गोंजारू नको, पानी पाजू नको. जागा दे आन वाट पाह्य."

प्रशांत उठला, डोक्याला दुपट्टा गच्च आवळला, आतल्या खोलीत गेला. तो गादीवर झोपला नाही. गादी अंगावर ओढून घेऊन तिच्याखाली निजला. मी आयुष्यात पुष्कळ तऱ्हेची माणसं निजलेली पाहिली, ही तऱ्हा पहिलीच. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा कान नेहमीसारखे झाले होते.

मी त्याला सरळ विचारलं, "तुझं तुला आधी कळत नाही का रे?"

"नाई," तो म्हणाला. "मले आतून उशिरा समजते. तुमाले बाहेरून आधी दिसते. म्हनून तुमी पाहायचं."

मंगलनं आणखी एक बजावलं. ही सगळी प्रशांतची लक्षणं. दुसऱ्या कुणाची दुसरी असतील. कुणी उलट बडबड करतं, कुणी येरझाऱ्या घालतं. माणूस पाहून शिकायचं.

सोमवारी पहाटे निघालो. मंगलनं भाकरी आणि सांभारवड्या बांधून दिल्या होत्या. तिकडं सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार शोधत बसू नका.

अकोटच्या बसमध्ये दारामागची एकाची जागा प्रशांतची होती. ती त्याची आहे असं कुठं लिहिलं नव्हतं, पण एक बाई तिथं बसायला लागली तशी कंडक्टर म्हणाला, "अवं काकू, तिकडे बसा. हा येते सोमवारचा." सगळे कंडक्टर तिकिटाचा चिमटा दांडीवर टकटक वाजवत फिरतात. हा गडी चिमटा खिशात घालून फिरत होता. मी विचारलं तर म्हणाला, "याच्या डोक्यात वाजते. मले काय, खिशात ठेवला तं चिमटा मरते का?"

गाडी सुटली. दोन्ही बाजूंना काळी रानं, भेगा पडलेली, पाय आत जाईल एवढ्या. पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळक्या काड्यांचे) ढीग घरापेक्षा उंच. झाड असं नाहीच. माझ्या मागं बसलेल्या एका माणसानं जरा वेळानं विचारलं, "बाई, तुमी पेपरवाल्या का?"

"का हो?"

"तुमचं बोलनं तिकडचं आहे. तिकडचा मानूस आला का इथं मेलेल्याचं घर इचारते. फोटो काढते आन जाते."

"मी जिवंत माणसाला पोचवायला आले आहे," मी म्हटलं.

"हे बरं केलं," तो म्हणाला. "जिवंताले कोनी पुसत नाई."

हे चाललं असताना मी प्रशांतकडं पाहिलं तर अंगठा बोटांवर घासत होता. कान अजून ठीक होते. मी खिडकी पाहिली, उजेड पाहिला, मागचं पोर पाहिलं, ते झोपलेलं. कारण सापडेना. मग गाडीनं खड्डा खाल्ला आणि माझ्या हातातल्या बांगड्या खळकन वाजल्या, आणि त्याचे डोळे मिटून उघडले. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या भरून बांगड्या, आणि गाडी खड्ड्याखड्ड्यानं चाललेली. इतकी वर्षं मला त्या ऐकूच येत नव्हत्या.

आधी रुमाल गुंडाळला. आतून करकरायला लागल्या. मग मी त्या काढायला घेतल्या. म्हातारपणी बोटांची पेरं सुजलेली, त्यामुळं दोन फुटल्या आणि थोडं रक्त आलं. शेजारची बाई हबकली.

"अवं माय! भर रस्त्यात बांगड्या काढून राहिल्या! मालक आहेत ना?"

"आहेत. धडधाकट आहेत."

"मंग कावून काढता?"

"वाजतात म्हणून."

ती बाई तोंडाला पदर लावून खिडकीकडं वळली. प्रशांतचा अंगठा हळूहळू थांबला. मग समोर बघतच तो म्हणाला, "आता फक्त गाडी वाजून राहिली." ही त्याची आभाराची रीत असावी.

वाटेत पूर्णा नदी लागली. नदी कसली, पुलाखाली वाळू. पुलाजवळच्या हॉटेलात चहा घेतला तर तो खारट. या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखाली पाणी आहे पण पिता येत नाही. हॉटेलवाला म्हणाला, "आमाले सवय आहे. तुमी साखर जास्त मागा." मागितली. खारट ते खारटच, वर गोड.

अकोटच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. हीच ती जागा. प्रशांत त्याच खांबाला पाठ लावून उभा राहिला. मला वाटलं होतं तो तिथं जायला कचरेल. विचारलं तर म्हणाला, "पाठीमागून कोनी येत नाई. जागा चांगली आहे. तेव्हा लोक खराब होते." शेजारी एक चहावाली बाई बसते, धिप्पाड, मोठ्या आवाजाची. तिनं हे ऐकलं.

"खराब म्हंते का रे मले? मीच घासले होते तुझे पाय, वाटी घेऊन!"

"हो," प्रशांत म्हणाला. "तुमी जोरानं घासले."

ती गदगदून हसली, मग लगेच आवाज खाली आणला. मला म्हणाली, "आजी, आमाले काय ठाऊक? इथं मानूस उभ्या उभ्या पडते उन्हानं. मंगलताईनं नंतर येऊन सांगितलं. आता कोनी कांदा घेऊन आलं का मीच हाकलते." तिनं त्याला प्लॅस्टिकच्या पेल्यात चहा दिला. बाकीच्यांना काचेचे ग्लास. ते ग्लास ताटलीत आपटतात, म्हणून त्याचा पेला ती वेगळा ठेवते. चहा देऊन ती तोंड फिरवून बसली. प्रेमानं तोंड फिरवणारी बाई मी तिथंच पाहिली.

अकोट सुटलं आणि उत्तरेला सातपुडा दिसायला लागला, निळी भिंत घातल्यासारखा. पाणी गोडं झालं तशी झाडं आली, केळी आली, संत्र्यांच्या बागा आल्या. अंजनगावला उतरून मळ्यापर्यंत चालत गेलो. आत पाऊल टाकलं आणि मी वर पाहिलं, ऊन कुठं गेलं म्हणून. पांगारा आणि शेवरीची झाडं दाट लावलेली, त्यांच्यावर हिरवेगार वेल चढवलेले, खाली ओली माती. सावलीला मसाल्याच्या डब्याचा वास. आवाज फक्त पाटातल्या पाण्याचा. या माणसाला असली जागा शोधून देणाऱ्या मंगलचं मला कौतुक वाटलं, आणि मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

सलीमभाई पन्नाशीचा, जाळीची टोपी घातलेला, सारखा कपाळ पुसणारा. "या मावशी. सफर कशी झाली? प्रशांत, आला का?"

"आलो," म्हणून प्रशांत थेट वेलांकडं गेला. शेंड्याला धरून गवताच्या दोरीनं तो वेल झाडाला बांधत होता. सलीमभाई माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "बाकीचे गडी वेल आवळतात. मंग वेल मरते. हा जखमेवर पट्टी बांधावी तसा बांधते. मले तो पायजे हो मावशी. पन माझं मन घाबरते."

दुपारपर्यंत सगळं चांगलं चाललं. सलीमभाईच्या घरून वांग्याची भाजी आली, इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रशांतनं भाजी आणि भाकरी वेगवेगळी, एक संपवून मग दुसरी, अशी खाल्ली. माझा एकच पेढा मी सलीमभाईपुढं ठेवला. त्यानं तो सुरीनं कापून सगळ्या गड्यांना वाटला.

आणि मग शेजारच्या शेतात बोअरची गाडी सुरू झाली.

त्या वर्षांत तिकडं ज्याला त्याला बोअर मारायची होती. पाणी खाली खाली जात होतं आणि माणसं त्याच्या मागं जात होती. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना काय सांगू. दगडात पहार घुसते तो आवाज, त्याला वाफेसारखी शिट्टी, आणि जमीन पायाखाली थरथरते. पांढरी धूळ कुंपणावरून मळ्यात आली.

मी प्रशांतकडं पाहिलं. दोरी हातात तशीच. कान लाल झालेले. टाचा उचललेल्या. डोळे एका पानावर.

सलीमभाईनंही पाहिलं. "या अल्ला, ऊन लागलं! ए, पानी आना! कांदा आना! घरून काशाची वाटी आना!" तीन गडी धावले.

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, ऊनच लागलं असेल. बाहेर आग पडत होती. मागच्याच आठवड्यात अकोल्यात ऊन लागून माणूस गेल्याचं मी ऐकलं होतं. हे खरंच ऊन असेल आणि मी सगळ्यांना लांब ठेवलं, तर मंगलला काय सांगू? आणि ऊन नसेल आणि यांनी त्याला धरलं, तर अकोटचाच प्रकार परत, आणि त्याचं काम कायमचं गेलं.

मी नीट पाहिलं. सकाळपासून तो सावलीत होता. पाणी माझ्यासमोर प्यायला होता. झोक जात नव्हता, ताठ उभा होता. कपाळावरून घाम निथळत होता. बोअर सुरू व्हायच्या आधी तो ठीक होता, आणि सुरू झाल्यावर कान लाल झाले.

"थांबा!" मी ओरडले, आणि लगेच जीभ चावली, कारण तो ओरडाही त्याच्याच डोक्यात गेला. मग मी बोललेच नाही. हात आडवे पसरून वाटेत उभी राहिले. गडी कांदा घेऊन थबकले. मी सलीमभाईला फक्त शेजारच्या शेताकडं बोट दाखवलं.

त्याच्या ध्यानात आलं. तो कुंपणावरून उडी मारून गेला. मला त्याचे हातवारे दिसत होते, आणि शेजाऱ्याचेही. शेजारी मान हलवत होता. त्याचंही चूक नव्हतं. नंतर कळलं तो म्हणत होता, आता ओल लागून राहिली, आता गाडी थांबवली तं पाइप फसंल. सलीमभाई हात हलवत परत आला.

प्रशांतला वाट मोकळी हवी होती. मळ्याच्या कडेला मातीच्या जाड भिंतींची एक खोली आहे, वाळलेली पिंपळी पोत्यांत भरून ठेवायची. मी तिच्या दाराकडून बाजूला झाले आणि इतर सगळ्यांना हातानंच मागं सारलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग प्रशांत चालायला लागला, चवड्यांवर, भिंत धरून. आत गेला. मी लांबूनच पाहिलं. तो पोत्यांच्या मधल्या फटीत निजला आणि एक भरलं पोतं त्यानं अंगावर ओढून घेतलं.

"दम घुटंल त्याचा!" सलीमभाई आत जायला निघाला.

मी दारात फतकल मारून बसले. "सलीमभाई," मी हळू म्हटलं, "घरी तो गादी घेतो. इथं गादी नाही. तोंड मोकळं आहे, मला दिसतंय. छाती हलतेय. तुम्ही इथं माझ्याजवळ बसा आणि काही करू नका."

"काहीच नाई?"

"काहीच नाही."

काही न करणं त्या भल्या माणसाला फार जड गेलं. तो कपाळ पुसत बसला. पाण्याचा तांब्या दारात, प्रशांतला दिसेल असा ठेवला. दोनदा उठला, दोनदा बसला. एकदा माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "मावशी, रक्त कायचं?" मी म्हटलं, "बांगड्यांचं."

बोअर थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानंतरही प्रशांत बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो तांब्या उचलून पाणी प्यायला, शर्टावरची पिंपळी झटकली, आणि म्हणाला, "अर्धी रांग राहिली." वेलांकडं निघून गेला.

सलीमभाई त्याच्या पाठीकडं बघत राहिला. "मी ऊन समजलो," तो म्हणाला.

"इथं कुणीही तेच समजेल."

"मावशी, तुमी उद्या जाल. मले एक सांगा, मी नेमकं काय पाहू?"

"कान," मी म्हटलं. "मग टाचा. आणि त्याला साधं काही विचारा. तुमचाच शब्द तुम्हाला परत आला, की विचारायचं बंद करा आणि वाटेतून बाजूला व्हा."

त्यानं मान डोलावली. मग प्रशांत अर्धी रांग संपवून आला तेव्हा सलीमभाईनं खोलीचं कुलूप कोयंड्यातून काढलं. त्याला म्हणाला, "हे कुलूप आता मी रातच्यालेच लावीन. दिवसा खोली उघडी. तुले पायजे तेव्हा आत जाय, मले इचारू नको."

प्रशांतनं विचार केला. "बोअरवाला उद्याही येईन?"

"त्याले पानी लागलं. नाई येनार."

"मंग मी बुधवारी येतो," प्रशांत म्हणाला. "एकटा."

सलीमभाईनं कपाळ पुसलं. "ये बाप्पा," तो म्हणाला. "ये."

परतीच्या गाडीत प्रशांत दुपट्टा डोक्यावरून ओढून बसला. बसमधले निम्मे लोक तसेच बसलेले, म्हणून त्याच्याकडं कुणी दोनदा पाहिलं नाही. वऱ्हाडच्या उन्हाचा हा एक फायदा मी मंगलला सांगितला तर ती पोटभर हसली, आणि मग तोंड भिंतीकडं करून रडली. मी तिला रडू दिलं. काही न करायला मी आता शिकले होते.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेले. एवढं लांब येऊन अंबादेवी न बघता जायचं नव्हतं. देवळात गर्दी होती, घंटा वाजत होत्या, आणि मी देवीपेक्षा माणसांचे कान जास्त बघत होते. खांबाआड एक तरुण बाई उभी होती. दोन्ही कानांवर हात, पाय चवड्यांवर, आणि तिची सासू तिला ओढत होती, "चाल ना, लोक पाहून राहिले." काय असेल ते मला कसं कळणार, मी डॉक्टर नव्हे. मी त्या सासूला फक्त एवढं म्हटलं, "बाई, तिला जरा बाहेर हवेला उभं राहू द्या, तोवर मला देवीची गोष्ट सांगा, मी परगावची आहे." सासू सांगत बसली. सून बाहेर जाऊन पायरीवर बसली. गोष्ट लांबली, ते बरंच झालं. मग बाजारात गिलावडा खाल्ला. उडदाचा वडा, वर दही, गोड आणि थंड. आठवड्याभरात पहिल्यांदाच तोंडाची आग थांबली. संध्याकाळी बडनेऱ्याला गाडी धरली.

घरी आले तर नवऱ्यानं दार उघडलं आणि पहिली नजर हातांकडं. "बांगड्या कुठायत?"

"अंजनगावच्या वाटेवर."

"लोक काय म्हणतील?"

"तू जिवंत दिसतोस की त्यांना," मी म्हटलं आणि चहा टाकला.

आळीतल्या बायका जमल्या. किती शेतकरी मेलेले पाहिले, असं त्यांना ऐकायचं होतं. मी त्यांना चिमटा खिशात ठेवणारा कंडक्टर सांगितला, पेला वेगळा ठेवून तोंड फिरवणारी चहावाली सांगितली, आणि दिवसाचं कुलूप काढून टाकणारा सलीमभाई सांगितला. दुःख तिकडं आहेच, मी ते नाकारत नाही. भेगा माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. पण त्या भेगांच्या मुलखात लोक एका माणसाचे कान बघायला शिकले. आमच्या आळीत कुणी कुणाच्या कानाकडं बघत नाही, नुसतं कानाला लागतात.

बुधवारी रात्री फोन वाजला. मंगल असेल म्हणून मी उचलला. पलीकडून प्रशांत म्हणाला, "मावशीआजी. मी गेलो. मी आलो."

"एकटा?"

"एकटा. तुमच्या हातात बांगड्या आहेत का?"

"नाहीत."

"मंग बोला," तो म्हणाला. "मी ऐकून राहिलो."